उजव्या कुशीतील जुने दुखणे : आंत्रपुच्छदाह कसा ओळखावा

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यावर काहीतरी लिहा, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, “समारंभाच्या अंकात रोगाची कथा कशाला? पंगतीत कोणी औषधाची बाटली मांडतो का?” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण साहाय्यासाठी ट्रस्टकडे येणारे अर्ज ज्यांनी वाचले आहेत त्यांना ठाऊक आहे की, शस्त्रक्रियेचे बिल येते ते सर्वांत शेवटी. त्याच्या आधी कित्येक महिने त्या घरात ‘वायू धरला असेल’, ‘उष्णता झाली असेल’, ‘जंत झाले असतील’ असे बोलणे चाललेले असते. बिलाला हातभार लावणे हे ट्रस्टचे काम आहेच. परंतु दुखणे वेळेवर ओळखणे हे घरातल्या माणसांचे काम आहे, आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

आम्ही या बऱ्हाणपुरात पुष्कळ वर्षे दवाखाना चालविला. मागावर उभे राहणारे कामगार, केळीच्या बागांत राबणारी माणसे, शाळेतली मुले, नुकत्याच सासरी आलेल्या मुली अशा सर्वांकडून एक तक्रार आम्ही सतत ऐकली : “डॉक्टर, इथे उजव्या बाजूला दुखते. कधी दुखते, कधी आपोआप राहते.” या तक्रारीमागे पुष्कळदा काहीच नसते, कधी दुसराच रोग असतो, आणि कधी आंत्रपुच्छ, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘अपेंडिक्स’ असते. या तिहींतला फरक कसा करावयाचा, तेवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आंत्रपुच्छ म्हणजे काय?

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते तेथे, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस, मोठ्या आतड्याचा पिशवीसारखा एक भाग असतो. त्याला अंधांत्र म्हणतात. या पिशवीच्या बुडाला करंगळीहून बारीक अशी एक पोकळ शेपटी लोंबत असते, तेच आंत्रपुच्छ. सामान्यतः ते ६ ते ९ सेंटिमीटर लांब असते. त्याचे एक टोक बंद असते व दुसरे अंधांत्रात उघडते. कोणाचे ते अंधांत्राच्या मागे वळलेले असते, कोणाचे खाली ओटीपोटात उतरलेले असते. एकाच रोगात सर्वांचे पोट अगदी एकाच जागी का दुखत नाही, याचे कारण यातच आहे.

आपल्या गावचा कुंडी भंडारा पुष्कळांनी पाहिलेला असेल. १६१५ च्या सुमाराची ती भुयारी पाण्याची योजना. तिच्या वाटांत क्षार व गाळ धरला की पाण्याचा मार्ग अरुंद होतो, हे आपण ऐकले आहे. आंत्रपुच्छाचेही असेच आहे. मात्र त्याला एकच तोंड असते. त्या तोंडाशी मळाचा खडा अडकला, तेथील ग्रंथीसारख्या पेशी सुजल्या किंवा क्वचित जंत शिरला, की आतला स्राव आतच कोंडतो. दाब वाढतो, जंतू माजतात, आंत्रपुच्छाला होणारा रक्तपुरवठा कमी पडतो. पुढे ते सडून फुटले तर आतली घाण पोटाच्या पोकळीत पसरते. हा सगळा प्रवास एकदोन दिवसांत पुरा होऊ शकतो. पहिल्या ३६ तासांनंतर फुटण्याचा धोका वाढत जातो, असे साधारणपणे समजावे.

शंभर माणसांत सुमारे सात-आठ जणांना आयुष्यात केव्हातरी हा रोग होतो. दहा ते तीस हे त्याचे आवडते वय आहे. पण लहान मूल आणि वृद्ध माणूस यांनाही तो सोडीत नाही, आणि त्यांच्यात तो ओळखणे अधिक अवघड असते.

तीव्र झटक्याचा क्रम

जुने दुखणे समजण्याआधी तीव्र दुखणे समजले पाहिजे. त्याची ओळख एखाद्या लक्षणावरून न पटता लक्षणांच्या क्रमावरून पटते. प्रथम बेंबीच्या आसपास किंवा वर, नेमके बोट ठेवता येणार नाही असे दुखू लागते. नंतर अन्नावरची वासना जाते, मळमळते, एखादी उलटी होते. काही तासांनी दुखणे बेंबीपासून निघून उजवीकडे खाली उतरते आणि तेथे ठाण मांडते. आता रोगी एका बोटाने जागा दाखवू शकतो. बारीक ताप येतो तो त्यानंतर. शिकागोचे शल्यवैद्य मर्फी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा क्रम मांडला. आज सोनोग्राफी आली, सीटी स्कॅन आले, तरी तो क्रम जुना झालेला नाही.

दुखणे असे जागा का बदलते, हे सांगितले म्हणजे क्रम लक्षात राहील. आरंभी फक्त आंत्रपुच्छ ताणले जाते, आणि त्याच्या मज्जातंतूंची खबर मेंदूला ‘बेंबीपाशी’ अशी पोहोचते. पुढे सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते. त्या अस्तराला जागेची नेमकी जाण असते, म्हणून मग उजव्या कुशीतच दुखते.

उलट्या आधी व पोटदुखी मागाहून असेल, सोबत पाण्यासारखे जुलाब असतील, तर बहुधा ते खाण्यापिण्याचे बाधणे असते. मात्र ‘बहुधा’ हा शब्द विसरू नये. ओटीपोटात उतरलेले आंत्रपुच्छ सुजले तर त्यानेही थोडे जुलाब होतात.

बेंबीपासून कमरेच्या हाडाच्या पुढे आलेल्या उजव्या टोकापर्यंत एक रेघ कल्पावी. हाडाकडून तिचा एक तृतीयांश भाग सोडला की जो बिंदू येतो, तो मॅकबर्नीचा बिंदू. न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी यांनी १८८९ साली तो दाखवून दिला. या ठिकाणी दाबले असता दुखणे, खोकताना तेथेच कळ येणे, पाय पोटाशी घेऊन पडावेसे वाटणे, गाडीच्या हिसक्याने कळवळणे ही महत्त्वाची चिन्हे होत. हिसक्याची गोष्ट विनोदाची नाही. इंग्लंडमध्ये काही शल्यवैद्यांनी रोग्यांना चक्क विचारले की, दवाखान्यात येताना रस्त्यावरच्या गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा दुखले का? २०१२ साली त्यांनी निष्कर्ष छापला : ज्या ३४ जणांचा आंत्रपुच्छदाह पुढे सिद्ध झाला, त्यांतील ३३ जणांचे दुखणे त्या धक्क्याने वाढले होते. अर्थात धक्क्याने दुखणाऱ्या प्रत्येकाला हाच रोग असतो असे नव्हे. पण आपल्या रस्त्यांवर ही परीक्षा निराळी मुद्दाम घ्यावी लागत नाही!

पुण्याची ती रात्र

या रोगात थांबावे किती, हा प्रश्न आपल्या देशात एकदा फार मोठ्या माणसापुढे उभा राहिला होता. महात्मा गांधी १९२२ च्या मार्चपासून सहा वर्षांची शिक्षा भोगीत येरवड्याच्या तुरुंगात होते. १९२४ च्या जानेवारीत त्यांचे पोट दुखू लागले, आणि १२ जानेवारीच्या संध्याकाळी त्यांना घाईने पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले. निदान झाले, आंत्रपुच्छदाह. मुंबईहून त्यांच्या विश्वासातले हिंदी डॉक्टर येईपर्यंत थांबण्यास सरकार तयार होते. प्रसंग मोठा नाजूक होता; कैदी महात्मा, शल्यवैद्य इंग्रज, आणि रोगी दगावला असता तर देशभर काय झाले असते हे निराळे सांगावयास नको. तरीही कर्नल मॅडॉक यांनी रात्री तपासून सांगितले की, आता थांबता येणार नाही.

गांधीजींनी संमती दिली. त्यांच्या इच्छेवरून भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री व पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावून घेतले गेले. शस्त्रक्रियेस आपली संमती आहे, डॉक्टरांनी आपली उत्तम काळजी घेतली आहे आणि काहीही झाले तरी सरकारविरुद्ध चळवळ होऊ नये, असे निवेदन तयार झाले व त्यांनी थरथरत्या हाताने त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वादळी पावसाने वीज गेली. परिचारिकेच्या हातातली विजेरीही विझली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. पुढे त्या जागी गळू झाले व जखम भरण्यास वेळ लागला. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा. तेव्हा असली औषधे नव्हती. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने त्यांची सुटका केली. ससूनमधील ती खोली स्मारक म्हणून जपून ठेवली आहे.

या प्रसंगातून आम्ही आमच्या रोग्यांच्या नातेवाइकांना एकच गोष्ट दाखवीत असू. मुंबईच्या डॉक्टरांवर भरवसा असूनही त्या रात्री त्यांची वाट पाहिली गेली नाही. आपल्याकडे मात्र ‘सकाळी इंदूरला नेऊ’, ‘जळगावला मामांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत’, ‘वडील माणसे गावाहून आली की ठरवू’, यात रात्र जाते. तीव्र झटक्यात जवळच्या ज्या रुग्णालयात शल्यवैद्य व भूल देणारा डॉक्टर आहे, ते रुग्णालय चांगले. वडील माणसांना तेथेच बोलवावे.

जुने दुखणे : दोन जाती

आता मुख्य विषयाकडे वळू. जुन्या दुखण्याच्या दोन जाती आहेत व त्यांची गल्लत होते.

पहिली जात पुन्हा पुन्हा उलटणारी. झटका येतो, एकदोन दिवस राहतो, अडकलेला खडा सरकतो किंवा सूज उतरते, आणि रोगी ठणठणीत बरा होतो. दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा तेच. मधल्या काळात काहीही नसते. दुसरी जात खऱ्या अर्थाने जुनाट. तीन आठवड्यांहून अधिक काळ उजव्या कुशीत मंद दुखत राहते. ताप नसतो किंवा नावापुरता असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुष्कळदा वाढलेल्या नसतात. रोगी कामावर जातो, पण मनापासून जेवीत नाही. ही दुसरी जात विरळा आहे. आंत्रपुच्छदाहाच्या शंभर रोग्यांत एखाद-दुसराच असा असतो.

ही जात मुळात आहे की नाही, यावर शंभर वर्षे वाद झाला आहे. १८८६ साली बोस्टनचे डॉ. फिट्झ यांनी उजव्या कुशीतल्या गळवांचे मूळ आंत्रपुच्छात असते हे दाखवून दिले व या रोगाला आजचे इंग्रजी नाव दिले. दुसऱ्याच वर्षी लंडनचे फ्रेडरिक ट्रीव्ह्झ यांनी पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्यावर, झटका नसतानाच्या शांत काळात शस्त्रक्रिया केली. याच ट्रीव्ह्झ यांनी २४ जून १९०२ रोजी, राज्याभिषेकाला दोन दिवस उरले असताना, बादशहा सातवे एडवर्ड यांच्या पोटातील याच रोगाचे गळू फोडले आणि अभिषेक ९ ऑगस्टपर्यंत पुढे गेला. राजाला झालेला रोग सर्वांना ठाऊक झाला. पुढची काही दशके तर ‘जुनाट अपेंडिक्स’ हे निदान इतके स्वस्त झाले की, ज्या पोटदुखीचे कारण सापडेना तिच्यासाठी आंत्रपुच्छ काढण्याची रीतच पडली. कित्येकांचे काढलेले आंत्रपुच्छ निरोगी निघाले व दुखणे जेथल्या तेथे राहिले. त्याची प्रतिक्रिया म्हणून पुष्कळ डॉक्टर ‘असा जुनाट रोग नसतोच’ असे म्हणू लागले. आजचे मत या दोहोंच्या मध्ये आहे : रोग खरा आहे, पण थोडा आहे; आणि बाकीची कारणे तपासून झाल्यावाचून त्याचे नाव घेऊ नये.

आमच्या घरची चूक

दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरी होता. आमचा पुतण्या बारावीत होता. आठ महिन्यांत तीन वेळा त्याचे पोट दुखले. पहिल्या वेळी लग्नाचे जेवण झाले होते, म्हणून अपचन ठरले. दुसऱ्या वेळी आम्ही जंताचे औषध दिले. तिसऱ्या वेळी चाचणी परीक्षा होती. “अभ्यास टाळावयाचा आहे” असे आम्हीच हसत म्हणालो. प्रत्येक वेळी दुखणे दीड-दोन दिवसांत राहिले आणि आमचे निदान बरोबर होते असे सर्वांना वाटले. तिन्ही वेळा दुखणे बेंबीपासून उजवीकडे गेले होते. हे आम्ही विचारलेच नाही. त्याने मागाहून सांगितले. दुसऱ्याच्या मुलाला जे प्रश्न आम्ही दहा विचारले असते, ते घरच्या मुलाला एकही विचारला नाही.

चौथ्या वेळी दुपारपासून दुखत होते. वहिनींनी एरंडेल दिले, गरम पाण्याची पिशवी दिली. मध्यरात्री दुखणे एकाएकी थांबले. घर आनंदाने झोपले. पहाटे आम्ही हात लावून पाहिले तर अंगात फणफणून ताप, नाडी धावते आहे आणि पोट फळीसारखे ताठ. दुखणे थांबले होते ते रोग बरा झाला म्हणून नव्हे. आंत्रपुच्छ फुटून आतला दाब मोकळा झाला होता म्हणून. शस्त्रक्रिया झाली, पू काढला, तीन आठवडे तो अंथरुणावर राहिला. देवाच्या दयेने जगला. परीक्षा मात्र त्या वर्षी बुडाली. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही, पण अजूनही कोणी ‘पोट दुखते’ म्हटले की आम्हांला तो पहाटेचा हात आठवतो.

तीव्र पोटदुखी औषधावाचून एकदम नाहीशी झाली आणि मागोमाग ताप चढला, तर निश्चिंत होऊ नये. ही गोष्ट प्रत्येक घरात लहानथोरांस माहीत असावी.

दुसरी बाजू

आता याच्या नेमकी उलट गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका विणकर कुटुंबातील बाईंना वर्षभर उजव्या कुशीत दुखत होते. परगावच्या एका दवाखान्यात जुनाट अपेंडिक्स ठरवून ते काढण्यात आले. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा टाका भरला होता, पण दुखणे तसेच होते. विचारपूस करता कळले की, वजन उतरत होते, संध्याकाळी अंग कोमट होत होते, कधी जुलाब कधी मलावरोध असे चालले होते. पुढील तपासात आतड्याचा क्षय निघाला. सहा महिन्यांच्या औषधाने त्या बऱ्या झाल्या. आपल्या देशात लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, म्हणजे आंत्रपुच्छाच्या शेजारीच, क्षयाची गाठ धरणे ही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा उजव्या कुशीतले जुने दुखणे म्हटले की क्षयाचा विचार आधी व्हावयास हवा.

दुसरा सोंगाड्या म्हणजे मूतखडा. आमच्या निमाड-खानदेशच्या उन्हात घाम फार व पाणी पिणे थोडे. त्यामुळे खडे पुष्कळ. खड्याची कळ कमरेतून निघून जांघेकडे उतरते, रोगी एका जागी पडून राहू शकत नाही, तळमळतो. लघवीला जळजळ असते किंवा रक्त जाते. आंत्रपुच्छाचा रोगी याच्या उलट, हलू नये म्हणून निपचित पडतो.

स्त्रियांच्या बाबतीत विशेष जपले पाहिजे. बीजकोशाची गाठ, गर्भनलिकेची सूज, पाळीशी संबंधित दुखणी ही सर्व त्याच जागी दुखतात. पाळी चुकली असून एकाएकी कळ आली व घेरी आली, तर गर्भ नळीत राहिल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा प्रश्न असतो. आमच्या सुना-मुली पाळीविषयी पुरुष डॉक्टरांपुढे बोलत नाहीत, सासूबाई त्यांच्यातर्फे उत्तरे देतात. यामुळे निदान चुकते. तेव्हा त्यांना एकट्याने बोलू द्यावे. गर्भारपणातही आंत्रपुच्छदाह होतो, आणि दुखण्याची जागा नेहमीपेक्षा वर सरकलेली असू शकते, हेही ध्यानात असावे.

मुलांना घसा सुजल्यावर पोटातल्या गाठी सुजून असेच दुखते व काही दिवसांत राहते. आमांशाच्या जंतूंनी अंधांत्र सुजते. अंतर्गळ असतो. आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला उजवीकडे नव्याने दुखू लागले, रक्त कमी झाले, वजन घटले, तर मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही ना, हे पाहिल्यावाचून ‘जुनाट अपेंडिक्स’ म्हणून स्वस्थ बसू नये.

कधी कधी तर दुखणे पोटाच्या आत नसतेच! पोटाच्या भिंतीतला एखादा मज्जातंतू स्नायूत आवळला जातो व एकाच नाण्याएवढ्या जागी महिनोन्‌महिने दुखते. १९२६ साली कार्नेट यांनी याची सोपी परीक्षा सांगितली. रोग्याला उताणे निजवून दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवावे व त्याला हात न टेकता डोके आणि खांदे उचलावयास सांगावे. पोटाचे स्नायू ताठ होताच दुखणे वाढले किंवा तसेच राहिले, तर कारण बहुधा भिंतीत आहे. कमी झाले तर आत आहे. ही परीक्षा डॉक्टरांनी करावयाची आहे. घरी एकमेकांची पोटे दाबून पाहण्याचा खेळ करू नये.

निदान कसे होते?

पूर्वी बेरियम पाजून क्ष-किरण चित्र काढीत आणि आंत्रपुच्छात बेरियम शिरले नाही तर ते रोगट समजत. निरोगी आंत्रपुच्छातही ते पुष्कळदा शिरत नाही, हे कळल्यावर ही परीक्षा मागे पडली. १९८६ साली डॉ. अल्वाराडो यांनी तीव्र झटक्यासाठी दहा गुणांचे कोष्टक दिले : दुखणे सरकणे, भूक जाणे, मळमळ, बोट काढताच कळ येणे, ताप व अपक्व पांढऱ्या पेशींचे प्रमाण वाढणे यांना एकेक गुण, उजव्या कुशीतला दाबदुखरेपणा व पांढऱ्या पेशींची एकूण वाढ यांना दोन दोन. सात किंवा अधिक गुण झाले तर रोगाचा दाट संभव. परंतु जुनाट दुखण्यात ताप नाही, पेशी वाढलेल्या नाहीत. म्हणून हे कोष्टक तेथे कामास येत नाही. रक्त चांगले आले म्हणजे रोग नाही, असे म्हणता येत नाही ते याचमुळे.

सोनोग्राफी स्वस्त आहे, निर्धोक आहे आणि बीजकोश, मूत्रपिंड यांचीही माहिती देते. म्हणून मुलांत व स्त्रियांत ती आधी करावी. आंत्रपुच्छ ६ मिलिमीटरहून जाड असणे व दाबले असता न चेपणे ही तिच्यातली खूण होय. पण ती करणाराच्या हातावर अवलंबून असते, आणि ‘आंत्रपुच्छ दिसले नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘रोग नाही’ असा होत नाही. शंका राहिली तर सीटी स्कॅन अधिक खात्रीचे असते. त्यात खडा व जाड झालेली भिंत दिसू शकते. त्यात किरणांचा मारा होतो, म्हणून ते उगीच वरचेवर करवू नये. एवढे करूनही काही रोग्यांचा निर्णय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनेच लागतो. जुनाट आंत्रपुच्छदाह पुरता सिद्ध झाला असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा दुसरे कारण सापडलेले नाही, काढलेल्या आंत्रपुच्छाच्या सूक्ष्मदर्शकी तपासणीत जुनी सूज किंवा वणाचे तंतू दिसले आहेत आणि रोग्याचे दुखणे गेले आहे. म्हणून काढलेले आंत्रपुच्छ तपासावयास पाठवावे व तो कागद जपून ठेवावा.

शस्त्रक्रियेवाचून भागेल का, असे पुष्कळजण विचारतात. तीव्र पण न फुटलेल्या रोगात केवळ प्रतिजैविक औषधांवर फिनलंडमध्ये मोठा प्रयोग झाला. औषध घेतलेल्या शंभरांतील सुमारे २७ जणांना वर्षाच्या आत व सुमारे ३९ जणांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया करावीच लागली. म्हणजे औषधाने पुष्कळांचे भागते; पण ते रुग्णालयात, तपासणी करून आणि पुन्हा उलटेल हे समजून. औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणणे हा तो उपचार नव्हे.

घरी काय करावे?

आपल्या गावाला वैद्य व हकीम यांची जुनी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेत शूल, गुल्म व पोटातील विद्रधी यांची वर्णने आहेत. वायूचा त्रास निराळा व आतला पू निराळा, हे त्या वैद्यांनाही कळत होते. तेव्हा ओवा-हिंग यांच्याशी आमचे भांडण नाही. साध्या पोटदुखीला ते खुशाल द्यावे. पण दुखणे उजवीकडे उतरले, भूक गेली, चालताना माणूस वाकू लागला, की घरगुती उपाय थांबवावेत. एरंडेल व जुलाब मुळीच देऊ नये, एनिमा देऊ नये, पोट चोळू नये. रुग्णालयात जाईपर्यंत खाणे बंद ठेवावे, म्हणजे भूल देण्यास अडचण पडत नाही. डॉक्टरांनी तपासून दिलेल्या वेदनाशामकाने निदान बिघडत नाही. मात्र घरीच गोळ्या घेऊन दिवस काढल्याने वेळ जातो. रात्र असली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते, आणि आयुष्मान कार्ड घरात असेल तर ते कपाटात न ठेवता बरोबर घ्यावे.

ज्यांचे दुखणे जुने आहे त्यांनी एक वही करावी. कोणत्या तारखेस दुखले, कोठे सुरू झाले, कोठे गेले, किती तास राहिले, ताप किती, उलटी आधी की मागाहून, शौच व लघवी कशी, स्त्रियांनी पाळीची तारीख. एवढे चार ओळींत लिहावे. महिन्याने वजन टिपावे. तीन झटक्यांची अशी वही आमच्या पुतण्याने ठेवली असती, तर वाचता क्षणीच आमचे डोळे उघडले असते. वही घेऊन शल्यवैद्याकडे शांत काळात जावे आणि सरळ विचारावे, “हे आंत्रपुच्छ असेल तर कशावरून? नसेल तर दुसरे काय? काढल्यावर दुखणे राहिले तर पुढे काय करावयाचे?” चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो न तपासता काढा म्हणतो आणि जो न तपासता काही नाही म्हणतो, त्या दोघांनंतरही आणखी एकाचे मत घ्यावे.

आमच्या पुतण्याने पुढल्या वर्षी परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला. आता त्याला स्वतःची मुले आहेत. त्यांच्यापैकी कोणी पोट धरून बसले, तर तो आधी विचारतो, “कुठून सुरू झाले, आणि आता कुठे आहे?” ट्रस्टच्या प्रत्येक घरात हा प्रश्न विचारला जावा, एवढीच या महोत्सवाच्या निमित्ताने आमची विनंती आहे.